मज्जातंतु पुन्हां वाढतो तेव्हां

बसल्या जागीं टेबलाच्या कडेवर कोपर आपटलें, कीं करंगळीपर्यंत विजेसारखी एक कळ जाते, हा अनुभव आपणांपैकीं प्रत्येकाला आहे. ही कळ हाडाची नसते. कोपराच्या मागच्या अंगाला, कातडीच्या अगदीं खालून, एक मज्जातंतु हाडाला लागून जातो. आघात त्याला बसतो आणि तो गाऱ्हाणें मात्र करंगळीच्या नांवानें सांगतो. बोलीभाषेंत आपण त्याला नस म्हणतों, शीर म्हणतों, आणि रक्तवाहिनीलाहि तींच नांवें देतों. त्यामुळें नस तुटली असें कोणीं सांगितलें, तर रक्त वाहिलें कीं बोट लुळें पडलें, हें पुन्हां विचारावें लागतें. आजच्या भाषणांत नस म्हणजे मज्जातंतु, एवढें प्रारंभींच ठरवून घेऊं.

आतां खिडकीच्या काचेंतून हात आरपार जाऊन हाच तंतु कोपरापाशीं कापला गेला असें समजा. करंगळी बधिर होते, बोटें फांकतां येत नाहींत, लेखणीवरची पकड सुटते. शस्त्रवैद्य दोन्ही टोकें शोधून तीं बारीक टांक्यांनीं जुळवतो आणि वाट पाहावयास सांगतो. किती दिवस? येथें दिवसांचा हिशेब उपयोगाचा नाहीं. तुटलेला तंतु दिवसाला सुमारें एक मिलिमीटर, फार तर दोन, इतक्याच गतीनें पुढें सरकतो. कोपरापासून तळहातापर्यंतचें अंतर पाव मीटराहून अधिक. म्हणजे एक वर्ष हातचें गेलें. घाव काखेंत झाला असता तर दोन वर्षें. आणि तेवढ्या काळांत, ज्यांच्याकडे हा तंतु निघालेला असतो ते हाताचे बारीक स्नायू वाळून जातात. प्रवासी अखेर दाराशीं येतो तेव्हां कित्येकदां घरांत कोणी उरलेलेंच नसतें.

या संथ गतीला जबाबदार कोण? टांके घालणारा हात नव्हे. जखमेच्या जागेवरहि सगळा दोष जात नाहीं. हातांतील तंतु हा स्वतंत्र जीव नाहीं. त्याचा धनी मानेच्या मुळाशीं, पृष्ठरज्जूच्या करड्या भागांत बसलेली एक पेशी आहे. त्या पेशीची रुंदी मिलिमीटराच्या दशांशाहूनहि कमी, आणि तिचा हा एक हात थेट बोटांपर्यंत, पायाच्या बाबतींत तर एक मीटरभर, लांबलेला. स्पर्श आणि वेदना आणणाऱ्या तंतूंच्या पेशी रज्जूच्या बाहेर, कडेच्या लहान गांठींत असतात. त्या गांठींना गंडिका म्हणतात. या पेशींना दोन शाखा असतात, एक कातडीकडे जाणारी आणि एक रज्जूंत शिरणारी. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे. घाव कोपराला आणि उलथापालथ मानेंत, असा हा प्रकार आहे, आणि तो नीट उमगावयास शास्त्राला शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

प्रारंभ बेडकाच्या जिभेपासून झाला. ऑगस्टस वॉलर हा लंडनच्या केन्सिंग्टन भागांत वैद्यकी करणारा गृहस्थ. बेडकाची जीभ इतकी पातळ असते कीं ताणून सूक्ष्मदर्शकाखालीं धरली तर तिच्यांतील तंतु दिसूं शकतात. वॉलरनें जिभेकडे जाणारे मज्जातंतु कापले आणि पुढें काय होतें तें तो पाहत राहिला. घावाच्या पलीकडचा भाग कांहीं दिवसांतच नासलेल्या दुधासारखा गुठळ्यागुठळ्यांचा झाला. अलीकडचा, मेंदूशीं जोडलेला भाग टिकून राहिला. हें त्यानें १८५० सालीं रॉयल सोसायटीपुढें मांडलें. पुढें त्यानें गंडिकेजवळचे तंतु कापून पाहिले, आणि जो भाग गंडिकेला जोडलेला असेल तोच जगतो असें दाखवलें. तंतूचें पोषण कोठल्या तरी एका स्थानांतून होत असलें पाहिजे, हें त्याचें अनुमान. काय पोंचतें आणि कसें पोंचतें, हें सांगण्याचें साधन त्या काळीं कोणाजवळहि नव्हतें. पण प्रश्न मात्र नेमका टाकला गेला.

त्यानंतरचें नांव बर्नहार्ड फॉन गुडेनचें. नवजात प्राण्याचा एखादा मज्जातंतु उपटून टाकावा, प्राणी वाढूं द्यावा आणि मग त्याचा मेंदु तपासावा. ज्या ठिकाणच्या पेशी नाहींशा झालेल्या दिसतील त्याच त्या तंतूच्या धनी, ही त्याची रीत. जग मात्र या गुडेनला वेगळ्याच कारणानें ओळखतें. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याला वेडा ठरवणाऱ्या वैद्यांचा तो प्रमुख होता, आणि १३ जून १८८६ च्या रात्रीं राजा आणि वैद्य हे दोघेहि स्टार्नबर्गच्या सरोवरांत मृत सांपडले. त्या सायंकाळीं तेथें काय घडलें याविषयींचा वाद अजून मिटलेला नाहीं. आपल्याला त्याच्याशीं कर्तव्य इतकेंच कीं या गुडेनच्या परिवारांत फ्रान्झ निसल नांवाचा एक तरुण तयार झाला.

निसलची कीर्ति रंगाच्या जोरावर झाली. दगडी कोळशाच्या डांबरापासून कापड रंगवण्याचे नवे रंग जर्मन कारखान्यांत निघूं लागले होते. निसलनें विद्यार्थिदशेंतच ते मज्जापेशींवर वापरून पाहिले, आणि १८८४ सालीं त्यावरील निबंधाला म्युनिकच्या विद्यापीठाचें पारितोषिक मिळवलें. रंगवलेल्या पेशींत त्याला गडद ठिपके दिसले, वाघाच्या कातड्यावर पट्टे असावेत तसे. ते आजहि निसलचे कण याच नांवानें ओळखले जातात. मग १८९२ सालीं त्यानें सशाच्या चेहऱ्याचा मज्जातंतु उपटून, त्या तंतूच्या पेशी मेंदूच्या बुडाशीं कशा दिसतात हें पाहिलें. गुडेनच्या नवजात पिलांतल्या पेशी मरून जात. निसलच्या वाढलेल्या सशांत तसें झालें नाहीं. पेशी फुगल्या, त्यांचे गडद ठिपके विरघळल्यासारखे होऊन रंग फिका पडला, आणि मधोमध असणारें केंद्र एका कडेला सरकलें. घाव जेथें झाला तेथून पुष्कळ अंतरावर ही सर्व घडामोड झाली होती.

रूमानियाच्या मारिनेस्कोनें या प्रकाराला जें ग्रीक नांव दिलें, त्याचा अर्थ रंग विरघळणें असा होतो. हें नांव दुर्दैवी ठरलें असें मला नेहमीं वाटतें. रंग उडाला म्हणजे प्राण चालला, ही आपली स्वाभाविक समजूत; मनुष्य पांढराफटक पडला कीं आपण घाबरतों. पेशीचेंहि तसेंच मानलें गेलें, आणि कित्येक दशकें ही फिकी पेशी रोगांच्या पुस्तकांत, क्षयाच्या आणि ऱ्हासाच्या प्रकरणांत, जाऊन बसली. खरी गोष्ट नेमकी उलट होती. पेशी मरावयास टेकली नव्हती. ती कामाला लागली होती.

पण हें कळेपर्यंत मध्यें पुष्कळ कांहीं घडलें. लंडनचा वैद्य हेन्री हेड याला रोग्यांच्या अस्पष्ट उत्तरांचा कंटाळा आला, तेव्हां २५ एप्रिल १९०३ रोजीं त्यानें स्वतःच्याच डाव्या हाताच्या मज्जातंतूच्या शाखा कापून पुन्हां शिवून घेतल्या. त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ, केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत, त्याचा मित्र रिव्हर्स हा टांचणी, कापूस आणि गरम-थंड पाण्याच्या नळ्या घेऊन त्या हाताची परीक्षा घेत राहिला. हेड डोळे मिटून बसे. आधीं बोचरी, ढोबळ संवेदना परत आली; नाजूक स्पर्श पुष्कळ मागाहून. यावरून दोघांनीं बांधलेला सिद्धांत पुढें फारसा टिकला नाहीं, परंतु स्वतःच्या कातडीवर इतका दीर्घ काळ वही लिहिणारा मनुष्य विरळाच.

स्पेनच्या रामोन इ काहालनें तुटलेल्या तंतूच्या टोकाशीं वाट शोधणारा पंज्यासारखा फुगवटा पाहिला आणि १९१३-१४ सालीं सर्व पुराव्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेवढ्यांत महायुद्ध पेटलें. तोफगोळ्यांनीं फाटलेले हातपाय दोन्ही बाजूंच्या रुग्णालयांत येऊन पडूं लागले, आणि १९१५ या एकाच वर्षीं जर्मनीच्या पॉल हॉफमान यानें आणि फ्रान्सच्या ज्यूल तिनेल यानें, परस्परांस शत्रु असतांना, एकच खूण शोधून काढली. शिवलेल्या तंतूवरून बोटानें हलकेच टिचकी मारीत जावें. जेथें रोग्याला मुंग्या आल्याचा भास होतो तेथपर्यंत नवे तंतु पोंचले असें समजावें. दुसऱ्या महायुद्धांत ऑक्सफर्ड येथें सेडन, यंग आणि मेडावार यांनीं हा विषय पुढें नेला. सेडननें १९४३ मध्यें मज्जातंतूच्या इजांचे जे तीन वर्ग पाडले ते आजहि शस्त्रवैद्य वापरतात, आणि रोग्यांवरील मापांतून वाढीचा रोजचा हिशेबहि त्याच वर्षीं प्रसिद्ध झाला. किती वेगानें, हें कळलें. इतक्याच वेगानें कां, हें कळलें नाहीं.

त्याच १९४३ सालीं, युद्धापासून दूर राहिलेल्या स्वीडनमधून उत्तराचा पहिला धागा आला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेंत टोर्ब्यर्न कास्पर्सन यानें एक विलक्षण यंत्र सिद्ध केलें होतें. डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण पेशींतून पाठवावयाचे आणि त्यांपैकीं किती शोषले गेले तें मोजावयाचें. न्यूक्लिइक आम्लें एका ठराविक लहरीचे किरण विशेष शोषतात, त्यामुळें पेशी न फोडतां तिच्यांतील आम्लाचा अंदाज बांधतां येई. त्याचा सहकारी होल्गर हिडेन यानें हें यंत्र मज्जापेशींवर लावलें. निसलचे ते गडद ठिपके म्हणजे रायबोन्यूक्लिइक आम्लाचे साठे निघाले, आणि जेथें जेथें शरीरांत प्रथिनें जोरानें तयार होतात तेथें तेथें हेंच आम्ल विपुल असतें. म्हणजे मज्जापेशी हा प्रथिनांचा कारखाना होता, आणि निसल ज्या ठिपक्यांना साठ वर्षांपूर्वीं रंग देत होता ते त्या कारखान्याचे माग होते. १९५५ मध्यें पॅले आणि पॅलेड यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें ते माग प्रत्यक्षच दाखवले.

मग तंतु तुटल्यावर ठिपके फिके कां पडतात? कारखाना बंद पडतो काय? १९५७ मध्यें ब्राटगार्ड, एडस्ट्रॉम आणि हिडेन यांनीं सशाच्या जिभेचा मज्जातंतु तोडून एकेका पेशींतील द्रव्यांचें मोजमाप केलें. पेशी फुगल्यामुळें आम्ल पातळ झालेलें दिसे, पण एकूण आम्ल नाहींसें झालें नव्हतें. माग एका गठ्ठ्यांत होते ते सुटे होऊन पेशीभर पसरले होते, एवढेंच. एकाच जागीं रचलेलें धान्य अंगणभर पसरलें तर रास दिसत नाहीं. म्हणून धान्य चोरीस गेलें असें कोणी म्हणत नाहीं. निसलच्या ससाण्या फिक्या पेशींवरचा कलंक अशा रीतीनें धुतला गेला.

तयार झालेली प्रथिनें मनगटापर्यंत जातात कशीं, हा दुसरा प्रश्न. शिकागोच्या पॉल वाइस आणि हेलेन हिस्को यांनीं उंदराच्या मज्जातंतूभोंवतीं एक घट्ट कडें बसवलें. कांहीं आठवड्यांनीं पाहतात तों कड्याच्या अलीकडे, पेशीच्या बाजूला, तंतु फुगलेले; बांध घातलेल्या पाटांत पाणी तुंबावें तसे. कडें काढतांच तुंबलेलें द्रव्य खालीं सरकूं लागलें, आणि त्याची गति दिवसाला एकदोन मिलिमीटर भरली. १९४८ चा हा निबंध. तुटलेला तंतु वाढण्याची जी गति वैद्यांनीं रोग्यांवर मोजली होती, जवळजवळ तीच! मोठ्या मनुष्याचा मज्जातंतु, जखम असो वा नसो, आंतून सारखा वाढतच असतो असें वाइसला वाटलें. त्याचें म्हणणें पुढें पुष्कळ सुधारावें लागलें. किरणोत्सर्गी अमिनो आम्लें टोंचून प्रथिनांचा माग काढतां येऊं लागला तेव्हां दोन वाहतुकी निघाल्या. एक जलद, दिवसाला चारशें मिलिमीटरांपर्यंत जाणारी. ती बारीक पिशव्यांतून माल नेते. दुसरी संथ, तंतूचा सांगाडा ज्या प्रथिनांचा होतो तीं तिच्यांतून जातात. संथ गाडीहि मुळांत संथ नसून पदोपदीं थांबणारी पॅसेंजर गाडी आहे, हें २००० सालीं जिवंत पेशींत डोळ्यांनीं पाहतां आलें.

या गाड्यांत कोणता माल भरला जातो हें पाहिलें, म्हणजे पृष्ठरज्जूंतील पेशीच्या मनांत काय चाललें आहे तें कळतें. सुस्थितींतील पेशी तंतुकाप्रथिनें पुष्कळ पाठवते. त्यांनीं तंतु जाड राहतो आणि संदेश वेगानें जातो. हॉफमन आणि लासेक यांनीं १९८० मध्यें उंदरांत दाखवलें कीं तंतु तुटल्यावर या जाडीच्या मालाची रवानगी घटते, आणि ट्यूब्युलिन व ॲक्टिन यांची वाढते. ट्यूब्युलिनचे रूळ होतात, ॲक्टिन हें चाचपडत पुढें सरकणाऱ्या टोकाचें द्रव्य. त्याच वेळीं स्नायूला आज्ञा देणारें ॲसिटिलकोलीन तयार करणारें किण्वहि पेशी कमी करते. एखाद्या वाण्यानें दुकान बंद ठेवून पडलेली भिंत बांधावयास घ्यावी, तसा हा व्यवहार आहे. दुकान चालूं ठेवून भिंतहि बांधूं म्हणणारा दोन्हीकडे नुकसानींत येतो.

सर्वांत गाजलें तें एक निराळेंच प्रथिन. अमेरिकेंत स्कीन आणि विलर्ड यांनीं १९८१ मध्यें भेकाच्या डोळ्याचा मज्जातंतु अभ्यासला. भेकाचा हा तंतु तुटला तर पुन्हां वाढतो, सशाचा वाढत नाहीं. भेकांत वाढ चालूं असतांना जलद वाहतुकींत कांहीं मोजकीं प्रथिनें अनेक पटींनीं वाढलेलीं दिसलीं. सशाच्या डोळ्याच्या तंतूंत तीं वाढलीं नाहींत, पण त्याच सशाच्या जिभेच्या तंतूंत, जो पुन्हां वाढूं शकतो, वाढलीं. त्यांतील एकाला गॅप-४३ हें नांव पडलें. गंमत अशी कीं हॉलंडांत मेंदूचें रसायन शोधणारे, अमेरिकेंत स्मृतीचा अभ्यास करणारे आणि वाढत्या तंतूंचीं टोकें गोळा करणारे असे निरनिराळे लोक, निरनिराळ्या नांवांनीं याच प्रथिनाच्या मागें होते. वरात एक आणि नवरे चार, असें व्हावयाचें, तें उलट झालें, आणि नवरा एकच निघाला. त्याच्या नांवांतील ४३ हा आंकडाहि फसवाच आहे. तो वजनाचा अंदाज होता. खरें वजन त्याच्या निम्म्याहून थोडेंच अधिक.

हे फेरफार एकट्या पेशीपुरते राहत नाहींत. तिच्या अंगाला चिकटलेलीं इतर पेशींचीं टोकें दूर होतात आणि त्या फटींत सूक्ष्मगोंदपेशी येऊन बसतात, हें ब्लिन्झिंगर आणि क्रॉइट्झबर्ग यांनीं १९६८ मध्यें दाखवलें. पायाचा मोठा मज्जातंतु कापला तर रज्जूच्या मागच्या भागांतील पदार्थ-पी हें वेदनेशीं संबंध असणारें द्रव्य कमी होतें, हें १९७९ मध्यें आढळलें. १९९१ मध्यें जेन्किन्स आणि हंट यांनीं पेशीच्या केंद्रांत सी-जून हें प्रथिन दीर्घ काळ चढलेलें पाहिलें. इतर प्रथिनें कोणतीं करावयाचीं याचा हुकूम देणाऱ्यांपैकीं तें एक. २००४ मध्यें ज्या उंदरांच्या मज्जापेशींत सी-जून मुळीं ठेवलेंच नव्हतें, त्यांच्या चेहऱ्याचा तंतु नीट वाढला नाहीं. तेव्हां हें नुसतें लक्षण नव्हे, कारणांतील एक दुवा आहे.

आतां त्या दोन शाखांची आठवण करावी. गंडिकेंतील पेशीची रज्जूंत गेलेली शाखा तुटली तर ती वाढत नाहीं. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या रोग्यांचें सगळें दुःख या एका वाक्यांत आहे. परंतु १९८४ मध्यें रिचर्डसन आणि इस्सा यांनीं त्याच पेशीची बाहेरची, पायाकडे जाणारी शाखाहि कापली, आणि आंतली शाखा अधिक जोमानें वाढली. बाहेरच्या घावानें पेशी जागी होते, गॅप-४३ करूं लागते. आंतल्या घावाची तिला तितकी दखलच नसते. १९९९ मध्यें न्यूमन आणि वुल्फ यांनीं रज्जूच्या आंतल्या जखमेंतून तंतु पुढें गेलेले दाखवले, पण पायाचा तंतु आधींच कापलेला असेल तर. रोग्याच्या पायाची चांगली नस कापून त्याचा कणा बरा करण्याचा सल्ला कोणी देणार नाहीं. तथापि वाढीची ताकद पेशींत झोंपलेली असते, नाहींशी झालेली नसते, हें त्यावरून सिद्ध झालें.

तिला न कापतां जागें करतां येईल काय? २००० सालीं कॅनडांत टेसा गॉर्डन आणि सहकाऱ्यांनीं उंदराचा शिवलेला तंतु, शिवल्याबरोबर, एक तास, सेकंदाला वीस या वेगानें विजेच्या सौम्य झटक्यांनीं उत्तेजित केला. जें अंतर सर्व आज्ञावाही तंतूंनीं गांठण्यास आठ ते दहा आठवडे लागत, तें तीन आठवड्यांत गांठलें गेलें. झटके पेशीपर्यंत पोंचूं नयेत म्हणून मध्यें औषधानें वाट अडवली तेव्हां लाभ नाहींसा झाला. म्हणजे काम पृष्ठरज्जूंतच होत होतें. दिवसाचा मिलिमीटर मात्र वाढला नाहीं. एरव्हीं तंतु शिवणीशीं आठवडेच्या आठवडे घोटाळत राहतात, कांहीं आज निघतात, कांहीं महिन्यानें. ते आतां एकदम निघाले, इतकेंच. २०१० मध्यें मनगटांत दबलेला मज्जातंतु शस्त्रक्रियेनें मोकळा केलेल्या रोग्यांवर हाच प्रयोग झाला, आणि अंगठ्याच्या स्नायूंत तंतूंचें पुनरागमन अधिक चांगलें झालें. काखेंतल्या घावाचीं दोन वर्षें यानें सरत नाहींत. वाट पाहणारा स्नायु तर वाळतोच. शिवाय वाटेवर नव्या तंतूंना आधार देणाऱ्या श्वानच्या पेशीहि फार दिवस रिकाम्या राहिल्या कीं थकतात.

म्हणून शिवलेल्या हाताचा रोगी महिन्या-दोन महिन्यांनीं दवाखान्यांत येतो, तेव्हां सर्व यंत्रें हाताशीं असतांनाहि वैद्य १९१५ मधलीच परीक्षा करतो. कोपराच्या व्रणापासून खालीं, बोटाच्या टोकानें टिचक्या मारीत जातो. एका जागीं रोगी दचकतो आणि करंगळीला मुंग्या आल्या असें सांगतो, जरी ती करंगळी अजून बधिरच असते. वैद्य त्या जागीं शाईचा ठिपका देतो, मागच्या ठिपक्यापासून अंतर मोजतो, आणि वहींत लिहितो: तीस मिलिमीटर.